पळसाच्या पहाऱ्याची यादी

ऐंशीच्या दशकात मी सौंसरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तरीण होते. वय पंचविशीचं, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि प्रत्येक गोष्टीची यादी करायची खोड. किराण्याची यादी सगळेच करतात. मी रागवायच्या माणसांचीही करत असे, म्हणजे गडबडीत कोणी सुटायला नको. शाळेतली मुलं मला बहनजी म्हणत, गाव मास्तरीणबाई म्हणे, आणि माझ्या पाठीमागे काय म्हणत असतील ते मी कधी विचारलं नाही.

माझ्या भाड्याच्या खोलीमागे एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला माय म्हणायचं. गावातल्या लग्नाला, बारशाला, तेरवीला लागणाऱ्या पत्रावळी तीच शिवायची. अंगणात पानांचा ढीग, पुढ्यात बांबूच्या बारीक काड्या, आणि तोंड अखंड चालू. पानं जोडायचा तिचा वेग असा की माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन होईतो एक पत्रावळ तयार.

पण गुडघे तिचे गेले होते. पूर्वी गावालगतच्या नाल्याच्या दोन्ही काठांना पळसाचं रान होतं, तेव्हा ती सकाळी जाऊन न्याहारीला परत यायची. मग सरपणाला, कुंपणाला, कुणाच्या मांडवाला असं करत करत गावानं ते रान जमिनीसपाट केलं. आता पानांसाठी तिला टेकडीपलीकडे दीड कोस जावं लागे. रामाकोन्याला दिलेली तिची लेक दर सणाला निरोप पाठवायची की आता बस झालं, इकडे येऊन राहा. जावयाचा संत्र्याचा बगिचा होता. खाट टाकून बसायला जागा भरपूर होती.

"खाटीवर बसून संत्रे मोजू का?" माय म्हणायची. "पानं तोडनं जमत नाई तवाच जाईन मी. त्याच्या आंधी नाई."

मला वाटलं, आपण नाल्यावर पळस लावू. मी तिला तसं म्हटलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"लावता कायले? ते मेले कुठं हायेत? बुडं जित्ते हायेत खाली. दरसाल वर याले पायतेत, अन् दरसाल बकऱ्या खाऊन टाकतेत. त्यायले फकत कोनी हात नाई लावला पायजे."

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. खरंच, तोडलेल्या खुंटांतून बोटभर लाल धुमारे आले होते आणि प्रत्येकाचा शेंडा कुरतडलेला होता. मला एकदम हुरूप आला. इतकं सोपं काम! काही खणायचं नाही, पाणी घालायचं नाही, फक्त काही करायचं नाही. मी नवी कोरी वही काढली, पहिल्या पानावर 'पळस संरक्षण स्वयंसेवक' असं लिहिलं, एक नंबरला स्वतःचं नाव घातलं, आणि माणसं जमवायला निघाले.

काही करण्यासाठी माणसं जमवणं सोपं असतं. काही न करण्यासाठी जमवून बघा.

पहिल्या रविवारी नाल्यावर अर्धं गाव आलं, कुदळी-फावडी घेऊन. मी सांगितलं, खड्डे करायचे नाहीत. लोक नाराज झाले. मग आणलेल्या अवजारांचं काय करायचं? एकानं जाऊन चुना आणला आणि प्रत्येक खुंटाभोवती दगड मांडून ते पांढरे केले. दुसऱ्यानं कपाशीचं उरलेलं खत आणून टाकलं. एका बाईनं दोन-तीन खुंटांना कुंकू लावलं. बसस्टँडजवळच्या टेलरनं तर कहर केला. त्याच्याकडे शिवणातून उरलेल्या चिंध्या पोत्यानं होत्या. कुठे खुंट आहेत ते लांबून कळावं म्हणून त्यानं प्रत्येकाला एक एक चिंधी बांधली. संध्याकाळपर्यंत सगळा नाला टेरिकॉट नेसून उभा होता. सौंसरहून येणाऱ्या बसमधले लोक खिडकीतून माना काढून विचारत, इथे काय कुणाचं लग्न आहे काय?

मी चिडले. टेलर म्हणाला, "नाराज कायले होता, मास्तरीणबाई? बकऱ्या भिऊन राहिल्या ना!"

आणि बकऱ्या खरंच भीत होत्या. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधी धुमारे खाल्ले, मग टेरिकॉट.

तेव्हा बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि पहारा लावायचं ठरलं. सकाळ आणि संध्याकाळ, दोन पाळ्या. कुंपणाला एकच फट ठेवली. रविवारी आलेल्या अर्ध्या गावातले पहाऱ्याला तयार किती? अकरा. मी एकेकाचं नाव वहीत घातलं, पुढे वार, पुढे पाळी. त्या अकरांना बांधून ठेवताना माझा जीव मेटाकुटीला आला. एकाचा बैल आजारी पडे. एकाची बायको पहाऱ्याच्या दिवशीच माहेरी जाई, महिन्यातून चार वेळा. एक गृहस्थ ट्रान्झिस्टर घेऊन बसत आणि क्रिकेटची मॅच संपली की उठून जात. मग पळस आणि बकऱ्या एकमेकांचं काय ते बघून घेत. मी सायकलवरून चकरा मारायचे, गैरहजर माणसाच्या नावापुढे लाल पेन्सिलनं फुली करायचे, आणि त्याच्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे.

यादीत एकच माणूस असा होता की ज्याच्यापुढे कधी फुली पडली नाही. बौद्ध वस्तीतला तो शेतमजूर, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून संध्याकाळची पाळी करायचा आणि कुणी आलं नाही तर सकाळचीही. बोलायचा कमी. मी त्याला पहिल्याच दिवशी वहीच्या पानाची नक्कल देऊन सांगितलं होतं, "यादीत नाव नाही त्याला आत सोडायचं नाही. कोणी असो." त्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाला, "हाव." एवढाच आमचा करार.

आणि बघता बघता पळस वर आला. उन्हाळ्यात गुडघ्याएवढा होता, पाऊस लागला तसा कमरेएवढा झाला. श्रावणात काही खुंटांचे फुटवे माझ्या खांद्याला लागले. पानं अशी रुंद की एकात दोन्ही हात झाकावेत. मायला मी दर आठवड्याला बातमी सांगायची. ती पत्रावळ शिवता शिवता ऐकायची आणि फुटवे किती, पान कसं, देठ कसा असं उलटतपासणीला घ्यायची. त्या पावसाळ्यात मात्र टेकडीपलीकडे जाणं तिला अगदीच झेपेना. एकदा घसरून पडली. लेकीचा निरोप आला की पोळा झाला की जावई घ्यायला येईल, कपडे बांधून ठेव.

मायनं मला जवळ बसवलं. "हे पाय," ती म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जावई येऊन राहिला. त्याच्या आंधी नाल्यातले पानं मह्या हाती लागले तं मी राहीन. नाई लागले तं जाईन. मंग मले बोलू नको."

मी म्हटलं, माय, तू कपडे बांधूच नकोस.

आणि मला तशी खात्रीच होती, कारण नेमकं त्याच सुमाराला माझं काम जोरात चाललं होतं. पोळ्याला आठवडा राहिला आणि माझ्याकडे स्वयंसेवकांची रांग लागली. ज्यांनी वर्षभर मला टाळलं, ते शाळेत येऊन नाव लिहा म्हणू लागले. रोज पाच, रोज सात. कुंपणाची काटी कुठे आहे हेही माहीत नसलेले लोक विचारत, "नाव पक्कं लिहिलं ना, बाई?" ट्रान्झिस्टरवाल्यानं आपल्या दोन भावांना आणलं. मला वाटलं, अखेर गावाला पटलं! रोज संध्याकाळी मी वाढलेल्या यादीची नवी नक्कल काढून त्या शेतमजुराला द्यायची. आपल्या चिकाटीवर मी इतकी खूश होते की त्या आठवड्यात शाळेतल्या एकाही मुलावर ओरडले नाही. मुलं घाबरून गेली.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी मेढा लावतात. मेढा म्हणजे पळसाची शेंड्याकडची पानासकट फांदी. दाराच्या दोन्ही अंगांना रोवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उपटून गावाच्या शिवेवर नेऊन टाकायची, म्हणजे घरातली रोगराई, पीडा तिच्याबरोबर जाते. प्रत्येक दाराला मेढा लागतो. नाला उजाड झाल्यापासून गावातले लोक त्यासाठी टेकडीवर जात, नाहीतर बाजारातून आणत.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जन्मापासून माहीत होतं. आमच्या घरीही दरवर्षी मेढा लागायचा. पण वहीत डोकं घातलेल्या माणसाला काय दिसतं?

पोळ्याच्या सकाळी उजाडल्यावर मी नवं लुगडं नेसून नाल्यावर गेले. लांबूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जवळ गेले तर माझे डोळे पांढरे झाले. एकूण एक खुंटाचे शेंडे छाटलेले. काल खांद्याला लागणारा पळस आज पुन्हा कमरेवर आला होता. कुठे विळ्याचा घाव, कुठे सालीसकट ओरबाडलेलं. खालची पानं तेवढी उरली होती. आणि फटीपाशी तो शेतमजूर शांतपणे उभा, हातात माझी यादी.

"हे काय झालं?" मी किंचाळलेच. "तुम्ही होता ना इथे?"

"रात्री तीन वाजल्यापासून होतो, बाई. लय गर्दी झाली." त्यानं कागद पुढे केला. "सगळे लिस्टातलेच होते. एकेकाचं नाव पाहून आत सोडलं. बाजूच्या गावचे पंधरा-वीस जन आले होते, त्यायले हाकललं. अन् आपल्यायले बी म्हटलं, एका मानसाले एक जोडी. जास्त नाई."

प्रत्येक नावापुढे त्यानं पेन्सिलीनं टिंब केलं होतं. माझ्यापेक्षा नीटनेटकं.

म्हणजे ही रांग पळसाच्या प्रेमाची नव्हतीच. गावाला महिनाभर आधी हिशेब कळला होता की यंदा नाल्यात मेढे तयार होत आहेत आणि तिथे आत जायला मास्तरणीच्या वहीत नाव लागतं. मीच त्यांना रोज नक्कल काढून परवाना दिला होता. मी कपाळाला हात लावला.

"लिस्टात नसलेल्या एकाच मानसानं वाद घातला," तो जरा अडखळत म्हणाला. "त्यायले वापस पाठवावं लागलं. बरं नाई वाटलं मले. पन तुमी सांगतलं होतं, कोनी असो."

"कोण होतं?"

"माय."

मी वही उघडली. पहिल्या पानावर माझं नाव. खाली टेलर, ट्रान्झिस्टरवाला, बायको माहेरी जाणारा, आणि मग आठवड्याभरातले ते सगळे, पानामागून पान. तिचं नाव कुठेच नव्हतं. वर्षभरात मला एकदाही सुचलं नव्हतं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिचं नाव कशाला लिहायचं? मला तिथेच इतकी लाज वाटली की राग कुठे गेला ते कळलंच नाही. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

गावातून परत येताना दारोदारी मेढे दिसत होते. चोरीचा माल इतक्या उघडपणे दारात उभा केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. टेलर आपल्या दाराशी उभा राहून अभिमानानं दाखवत होता. "पाहा बाई, यंदा आपल्या नाल्याचा! बारा सालानं!" मी काही बोलले नाही. तो चपापला. मी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्याला समजलं, आणि तो माझ्यामागे चालू लागला. मग ट्रान्झिस्टरवाला. मायच्या अंगणात पोचेपर्यंत माझ्यामागे दहा-बारा स्वयंसेवक झाले होते.

माय उंबऱ्यात बसली होती. विळा बाजूला पडलेला. शेजारी कपड्यांचं गाठोडं. तिच्या दाराशी मेढा नव्हता.

"माय, तू कशाला गेलीस इतक्या पहाटे?" मी विचारलं. "एक निरोप दिला असता तर..."

"मह्यासाठी नोहती गेली. तुह्या दाराले कोन लावन, म्हनून गेली होती." तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "परक्या गावची पोरगी, सनाच्या दिवशी तिचं दार मोकळं राहू नाई म्हटलं. तं तो मले म्हनते, माय, लिस्टात तुह्यं नाव नाई. मी म्हटलं, मलेच तं माईत हाये पळस कुठून फुटते! तो म्हनते, बाईचा हुकूम हाये."

मी तिच्या शेजारच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"मी चालली रामाकोन्याले," माय म्हणाली. "तिथं खाटीवर तं कोनी लिस्ट पाहून बसू नाई देत असं नाई करन."

मी खाली तिच्या पायाशी बसले आणि वही उघडली. "चुकलं माझं, माय. लिहिते. आत्ता लिहिते." शेवटचं पान काढलं.

तिनं वाकून पाहिलं. अक्षर तिला येत नव्हतं, पण पान येत होतं. "हे तं आखरीचं पान हाये."

"जागा इथेच आहे, माय."

"वर कोन हाये? सगळ्यायच्या वर?"

"मी."

मागे टेलर उगाच खोकला. मी पहिल्या पानावर गेले, माझ्या नावावर लाल पेन्सिलनं आडवी रेघ मारली, आणि त्याच्या वर, समासात, तिचं पूर्ण नाव लिहिलं. पूर्ण नाव मला टेलरला विचारावं लागलं. त्याचीही मला लाज वाटली. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मायनं दोनदा वाचायला लावलं.

मग तिनं विळा उचलला आणि म्हणाली, "चाल. दाखव काय तोडून ठेवलं ते."

दारासमोर एकाची बैलगाडी उभी होती. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. पोळ्याला बैलांना गाडीला जुंपत नाहीत, म्हणून स्वयंसेवकांनीच गाडी ओढली. ट्रान्झिस्टरवाला एका बाजूला, टेलर दुसऱ्या बाजूला, आणि आत गाठोड्यावर बसलेली माय. सजवलेले बैल बाजूला उभे राहून ही वरात पाहत होते.

नाल्यावर तिनं एक एक घाव पाहिला. मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली, पण तोडल्याबद्दल नाही.

"हे कोन्या गध्यानं तोडलं? असं आडवं तोडतेत? पानी बसते ना यावर, सडून जाते! अन् हे? वढून काहाडलं? साल गेली सारी! एका बुडाचे चार फुटवे हायेत तं चारही कापून टाकले? बारीक दोन कापाचे, मोठे दोन राहू द्याचे. तुमच्या मायबापानं काई शिकवलं का नाई?"

स्वयंसेवक माना खाली घालून उभे होते. वर्षभर माझ्या ओरडण्यानं ज्यांच्यावर काडीचा फरक पडला नव्हता, ते आता "हाव माय, हाव माय" करत होते. तिनं एकेकाच्या हातात विळा देऊन तिरपा घाव घालायला शिकवला. ओरबाडलेल्या जागा साफ करायला लावल्या आणि त्यावर शेणमाती लिंपायचं काम दिलं. मी बाजूला उभी राहून नवं लुगडं सांभाळत होते.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तू काय पाहून राहिली? घे शेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेढे शिवेवर टाकून लोक नाल्यावर जमले. टेलरनं भात आणि पातळ वरण शिजवायला घेतलं होतं. शेंड्याची पानं गेली होती, खालची होती. मायनं ती तोडली, स्वतः, बसल्या जागेवरून हात लांबवून, आणि दुपारपर्यंत चाळीसेक पत्रावळी शिवल्या. जावई वेळेवर आला. रामाकोन्याहून बसनं, हातात रिकामी पिशवी. तो सासूला शोधत नाल्यापर्यंत पोचला तेव्हा पंगत बसत होती.

"आई, चालता ना?" तो म्हणाला.

"कशी येऊ? इथं चाळीस लोक हायेत, एकालेबी पळस तोडता येत नाई," माय म्हणाली. "दसऱ्याले ये. बस खाली, जेव."

माय पत्रावळींचा गठ्ठा टेलरच्या हाती देऊन, सवयीनं, उठून जायला लागली. गावातल्या प्रत्येक पंगतीला तिची पानं असत, पण ती मागच्या दारी देऊन घरी जाई. तिला कुणी थांबवत नसे. मीही कधी थांबवलं नव्हतं. शेतमजुरानं मी सकाळी दिलेली नवी नक्कल खिशातून काढली आणि पहिलं नाव पुकारलं, मायचं, पूर्ण. ती काही न कळल्यासारखी इकडेतिकडे बघत राहिली. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. मग मी उठून तिचा हात धरला आणि तिला पंगतीच्या पहिल्या पानावर आणून बसवलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी वाढप्यावर ओरडले.

तो पळीभर वरण घेऊन वाकला. मायनं हात आडवा धरून त्याला थांबवलं, समोरची पत्रावळ उचलली, उलटी केली, सगळे टाके बोटानं चाचपून पाहिले, आणि पुन्हा सुलटी ठेवली.

"हां," ती म्हणाली. "वाढ आता."